बाण, मशाल आणि हिंगोलीचा हिशेब

१९९१ पासून हिंगोली लोकसभा मतदारसंघाने एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. विलास गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांता पाटील, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि २०२४ मध्ये नागेश पाटील आष्टीकर. नऊ निवडणुका झाल्या आणि दर वेळी माणूस बदलला. त्याआधी असं नव्हतं. काँग्रेसचे उत्तमराव राठोड १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग तीन वेळा इथून निवडून आले होते. १९९१ मध्ये धनुष्यबाण निवडून आला आणि तिथून इथल्या मतदाराचा स्वभावच पालटला.

या नऊ निकालांकडे बघताना बहुतेकजण ‘सत्ताविरोधी लाट’ म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. काँग्रेसवर राग म्हणून सेनेला मत आणि सेनेवर राग म्हणून काँग्रेसला मत, एवढाच हा खेळ असता तर त्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात शिवसेनेच्या मतदाराने वेगळंच काही केलं. तो पक्षातच राहिला आणि तिथूनच आपल्या पुढाऱ्यांचा हिशेब घेत गेला. आपण निवडून दिलेला माणूस पक्ष सोडून गेला, तर हा मतदार त्याच्यामागे गेला नाही.

हे समजून घ्यायचं तर आधी परभणीकडे पाहावं लागतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तोवर तो परभणीचाच भाग होता. निजामाची राजवट, रझाकारांच्या आठवणी, १७ सप्टेंबर १९४८ नंतरही बराच काळ रेंगाळलेला मागासपणा, हे सगळं दोन्हीकडचं एकच. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेना मराठवाड्यात आली, तेव्हा इथली काँग्रेस म्हणजे मोठे वाडे, साखर कारखाने, जिल्हा बँक आणि त्याभोवतीची घराणी. ज्यांच्या घरात कधी कुणी सरपंचही झालं नव्हतं अशा पोरांनी गावाच्या वेशीवर शाखेची पाटी लावली. ‘खान हवा की बाण’ ही घोषणा परभणीत गाजली ती याच काळात. या घोषणेने माणसामाणसांत भिंत उभी केली, हे आज स्पष्ट म्हटलंच पाहिजे. विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावर सेनेने घेतलेल्या भूमिकेची किंमतही या मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांनी मोजली आहे. पण त्याच शाखेने कुळ-वतन न पाहता उमेदवारी दिली, हेही खरं. तिकीट मिळालेला माणूस आपल्यातला होता. म्हणून तो उलटला की लागतही जास्त होतं.

परभणीत हे पुन्हा पुन्हा घडलं. अशोक देशमुख सेनेचे खासदार झाले आणि पुढे काँग्रेसकडे गेले. १९९६ मध्ये मतदारांनी सेनेच्याच सुरेश जाधवांना निवडून दिलं. २००४ मध्ये तुकाराम रेंगे पाटील सेनेकडून लोकसभेत गेले. २२ जुलै २००८ रोजी, अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढल्यानंतर मनमोहन सिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला, त्या दिवशी रेंगे मतदानाला हजरच राहिले नाहीत. सेनेने त्यांची हकालपट्टी केली, ते काँग्रेसमध्ये गेले. दहा महिन्यांनी परभणीने बाणावर गणेश दुधगावकरांना निवडलं. दुधगावकरही पुढे सेनेतून बाहेर पडले, आणि २०१४ मध्ये परभणीने पुन्हा बाणच निवडला, या वेळी संजय जाधव यांच्या रूपाने. खासदार गेला तरी मतदार जागचा हलला नाही. तीन खासदार गमावूनही पक्ष उभा राहिला तो मुंबईच्या कर्तबगारीवर नाही, या मतदाराच्या हट्टावर.

हिंगोलीत हा हिशेब जरा गुंतागुंतीचा होता, कारण इथे काँग्रेस आणि नंतर राष्ट्रवादी तोडीस तोड होती. १९९८ ते २००४ हा सगळा काळ माने आणि सूर्यकांता पाटील यांच्या आलटापालटीत गेला. २००९ मध्ये सुभाष वानखेडेंनी सूर्यकांता पाटलांना हरवलं. तेव्हा त्या केंद्रात राज्यमंत्री होत्या. आणि मग २०१४ आलं. देशभर मोदींची लाट होती, महाराष्ट्रात युतीने ४८ पैकी ४२ जागा घेतल्या, काँग्रेसच्या वाट्याला उरल्या फक्त दोन: नांदेडची अशोक चव्हाणांची आणि हिंगोलीची राजीव सातवांची. वानखेडे १,६३२ मतांनी पडले. एवढ्या लाटेत, विद्यमान खासदार असताना, धनुष्यबाणावर. सातव हे कळमनुरीचे आमदार, तरुण आणि कामाचे होते, हे त्यांचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण सोळाशे मतांचा फरक म्हणजे चार-पाच गावांची नाराजी. आपल्याच खासदाराबद्दल सेनेच्या घरात जे बोललं जात होतं, ते त्या आकड्यात उतरलं असं मी मानतो.

वानखेडेंनी पक्ष सोडला. आधी भाजप, मग काँग्रेस. २०१९ मध्ये तेच वानखेडे काँग्रेसच्या पंजावर हिंगोलीतून उभे राहिले आणि समोर सेनेचे हेमंत पाटील. पाटील मूळ नांदेडचे, तिथल्या नांदेड दक्षिणचे आमदार; हिंगोलीत त्यांची पाळंमुळं नव्हती. तरीही ते पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. ज्या वानखेडेंना दहा वर्षांपूर्वी सेनेच्या मतदाराने खांद्यावर घेतलं होतं, त्यांच्यासाठी त्याने बाण सोडला नाही. तोवर हिशेबाची रीत सोपी होती: माणूस गेला, चिन्ह राहिलं, आपण चिन्हापाशी.

२०२२ मध्ये चिन्हच चाललं होतं.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा हिंगोली जिल्ह्यातला सेनेचा एकमेव आमदार त्यांच्यासोबत नव्हता. कळमनुरीचे संतोष बांगर हे सेनेचे जिल्हाप्रमुख होते. २०१९ मध्ये वंचितच्या अजित मगर यांना सोळा हजारांवर मतांनी हरवून ते पहिल्यांदा विधानसभेत गेले होते. बंड झाल्यावर ते हिंगोलीत परतले, कार्यकर्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि भाषण करताना त्यांना रडू आलं. परत या, असं आवाहन त्यांनी बंडखोरांना केलं. त्या भाषणाची चित्रफीत राज्यभर फिरली. शहरातली माणसं ती पाहून विसरली असतील, कळमनुरीची माणसं विसरली नाहीत. उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, शिंदे मुख्यमंत्री झाले, ३ जुलैला विधानसभा अध्यक्षांची निवड झाली. बांगर यांनी त्या दिवशी ठाकरेंच्या बाजूचे उमेदवार राजन साळवी यांना मत दिलं. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, विश्वासदर्शक ठराव होता. विधानसभेत हे मतदान शिरगणतीने होतं. एकेक आमदार आपल्या जागी उभा राहतो आणि मोजला जातो. त्या दिवशी बांगर उभे राहिले ते शिंदेंच्या बाजूने. सरकारला पुन्हा १६४ मतं पडली आणि विरोधातला आकडा ९९ वर आला.

चोवीस तासांत झालेला हा बदल हिंगोलीत फार खोल लागला. ठाकरेंनी बांगर यांना जिल्हाप्रमुखपदावरून काढलं, शिंदेंनी त्यांना परत त्याच पदावर बसवलं. १९ जुलैला सेनेच्या १२ खासदारांनी लोकसभेत वेगळा गट केला; त्यात हेमंत पाटीलही होते. म्हणजे हिंगोलीने बाणावर निवडून दिलेले दोघेही, खासदार आणि आमदार, तीन आठवड्यांत मातोश्रीपासून दूर झाले. २५ सप्टेंबरला अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी इथे शिवसैनिकांनी ‘पन्नास खोके’च्या घोषणा देत बांगर यांच्या गाडीवर हल्ला केला. कुणी कुणाला पैसे दिले याचा निवाडा कुठल्याही न्यायालयात झालेला नाही आणि गाडी फोडणं हा हिशेब घेण्याचा मार्ग नव्हे. पण घोषणा गावागावांत पोचली होती.

इथे मतदाराची खरी अडचण सुरू होते. रागावला तर त्याने करायचं काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने हा प्रश्न अध्यक्षांच्या हातात दिला, मतदाराच्या नाही. जयप्रकाश नारायणांनी १९७४ च्या आंदोलनात प्रतिनिधी परत बोलावण्याच्या हक्काची मागणी केली होती. आमदार-खासदारांसाठी तो हक्क आपल्याला आजही नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये असा कायदा केला, दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की पोटनिवडणूक. पण तिथेही त्यासाठी खासदाराला शिक्षा किंवा निलंबन व्हावं लागतं; पक्ष बदलल्याबद्दल त्याला परत बोलावता येत नाही. आणि आपल्याकडे ऐन या काळात गावपातळीवरच्या निवडणुकाही थांबल्या. मार्च २०२२ मध्ये हिंगोलीसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि प्रशासक बसले. कळमनुरी, औंढा, सेनगावच्या मतदाराला जो राग जिल्हा परिषदेच्या गटात, पंचायत समितीच्या गणात दाखवता आला असता, त्याला पेटीच मिळाली नाही. मला ही गोष्ट पक्षफुटीइतकीच गंभीर वाटते.

एक छोटी पेटी मात्र मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या. त्यात सगळ्या मतदारांना मत नसतं. सेवा सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायत सदस्य, अडते-व्यापारी आणि हमाल-मापाडी एवढेच मत देतात. पण हीच माणसं गावात पक्ष चालवतात. कळमनुरीत बांगर यांनी आपल्या पॅनलच्या सगळ्या जागा येतील, नाही आल्या तर मिशी ठेवणार नाही, असं जाहीर सांगून ठेवलं होतं. १७ पैकी १२ जागा महाविकास आघाडीने घेतल्या, ५ त्यांच्या पॅनलला मिळाल्या. कार्यकर्त्यांच्या पातळीवरचा हा पहिला कौल होता.

त्याआधीच, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना देऊन टाकला होता. ठाकरेंकडे उरली मशाल. तीसहून जास्त वर्षं जो मतदार ‘माणूस गेला तरी चिन्ह राहिलं’ म्हणत होता, त्याच्यासमोर आता गेलेली माणसंच ते चिन्ह घेऊन उभी राहणार होती. २७ ऑगस्टला उद्धव ठाकरेंची सभा हिंगोलीच्या रामलीला मैदानावर झाली. मैदान भरलं. तिथून पाचच दिवसांनी, १ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठवाड्याचं सगळं राजकारण ढवळून निघालं. गावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले. हेमंत पाटलांनी ऑक्टोबरच्या अखेरीस आरक्षणाच्या प्रश्नावर खासदारकीचा राजीनामा देऊ केला.

मार्च २०२४ मध्ये शिंदेंच्या सेनेने पहिली यादी काढली, त्यात हिंगोलीतून हेमंत पाटलांचं नाव होतं. स्थानिक भाजपने उघड विरोध केला. काही दिवसांत नाव मागे घेतलं गेलं आणि हदगावचे बाबुराव कदम कोहळीकर उमेदवार झाले. पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना यवतमाळ-वाशीममध्ये उभं केलं, तेही पाच वेळच्या खासदार भावना गवळींना डावलून. विद्यमान खासदाराचं तिकीट कापायला मित्रपक्ष पुरेसा ठरला. ज्यांनी त्याला पावणेतीन लाखांच्या फरकाने निवडलं त्यांना कुणी विचारलं नाही. समोर ठाकरेंचे नागेश पाटील आष्टीकर, तेही हदगावचेच. २०१९ च्या विधानसभेला हे दोघे एकाच जागेसाठी लढले होते: आष्टीकर सेनेचे विद्यमान आमदार, कोहळीकर बंडखोर अपक्ष, त्या भांडणात जागा काँग्रेसने नेली. बंडखोर कोण आणि निष्ठावंत कोण, हे हदगावच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मतदान २६ एप्रिलला होतं. त्या दिवसांत वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळदीचं काम शेवटाला आलेलं असतं. कुकरमध्ये शिजवलेली हळद खळ्यावर पंधरा-पंधरा दिवस उन्हात पडलेली, कुठे ढोलात पॉलिश चाललेलं, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे. वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहत होतं, ते हेमंत पाटलांच्या पाठपुराव्याचं. त्याला नाव बाळासाहेब ठाकरेंचं आहे. हे काम खरं आहे आणि शेतकरी ते मान्यही करतो. त्याच शेतकऱ्याने मात्र सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे ४,६०० रुपयांच्या, आत विकलं होतं. उन्हाच्या आधी मत देऊन परत खळ्यावर यायचं म्हणून लोक सकाळीच केंद्रावर. उमेदवार तिसाहून जास्त, त्यामुळे यंत्रं एकाला एक जोडलेली. त्या लांबलचक यादीत बाण ओळखीचा होता, मशाल शोधावी लागत होती. ज्या म्हाताऱ्या माणसाने १९९१ पासून फक्त बाण पाहून मत दिलं, त्याला पक्षाशी इमान राखायचं तर पहिल्यांदाच बाण टाळून बोट पुढे न्यायचं होतं.

४ जूनला निकाल लागला. आष्टीकर ४,९२,५३५, कोहळीकर ३,८३,९३३. फरक १,०८,६०२. यवतमाळ-वाशीममध्ये राजश्री पाटीलही पडल्या. शेजारच्या परभणीत ठाकरेंसोबत थांबलेले संजय जाधव तिसऱ्यांदा निवडून आले.

हा केवळ गद्दारीचा हिशेब होता असं म्हणणं सोयीचं आहे, पण अपुरं आहे. मराठा आरक्षणाचा राग, सोयाबीनचा भाव, राज्यघटना बदलणार या भीतीने एकवटलेली दलित आणि मुस्लिम मतं, हे सगळं त्या लाखाच्या फरकात आहे. ज्या मुस्लिम मतदाराविरुद्ध एकेकाळी ‘खान की बाण’ विचारलं गेलं, त्याने मोठ्या संख्येने मशालीवर मत दिलं. पस्तीस वर्षांत या जिल्ह्यात झालेला याहून मोठा राजकीय बदल मला दिसत नाही. आणि औरंगाबादेत शिंदेंच्या सेनेचे संदीपान भुमरे जिंकले, हेही लक्षात ठेवावं लागतं. मराठवाड्यातली महायुतीची ती एकमेव जागा, आणि ती फुटून गेलेल्यांनीच जिंकली.

पुढचं सगळं याहून अवघड आहे. ज्यांचं तिकीट कापलं ते हेमंत पाटील १५ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. लोकसभेला पडलेले कोहळीकर पाच महिन्यांनी हदगावचे आमदार झाले. २३ नोव्हेंबरला हिंगोली लोकसभेत येणाऱ्या सहाही विधानसभा, उमरखेड, किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली, महायुतीने घेतल्या. कळमनुरीत बांगर यांनी ठाकरेंच्या सेनेचे संतोष टारफे यांना एकतीस हजारांच्या आसपास मतांनी हरवलं, २०१९ च्या जवळपास दुप्पट फरकाने.

म्हणजे मतदार विसरला? मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच विश्लेषकांनी असंच लिहिलं. ‘लाडकी बहीण’ योजनेचे जुलैपासूनचे दरमहा १,५०० रुपये घरोघरी पोचले होते, आणि ज्या बाईच्या नावावर आजवर कधी काहीच जमा झालं नाही तिने त्याची नोंद घेतली तर तिला दोष देणारे आपण कोण? बांगर अडीअडचणीला धावून जातात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात फोन लावतात, श्रावणात कावड काढतात, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. आणि आघाडीने कळमनुरीत दिलेला उमेदवार हा काँग्रेसचा माजी आमदार होता. २०१४ मध्ये सेनेच्या मतदाराने ज्याच्याविरुद्ध मत दिलं त्याच्याच हाती आता मशाल होती. निष्ठेच्या नावाने मत मागणाऱ्या पक्षाने हा विचार करायला हवा होता. हिशेब घेणाऱ्या मतदाराने दोन्हीकडच्या वह्या तपासल्या.

विधानसभा निकालाच्या दिवशीच शेजारच्या नांदेडमध्ये जे घडलं ते या सगळ्यावर प्रकाश टाकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले होते, तरी लोकसभेला नांदेडने काँग्रेसचे वसंत चव्हाण निवडून दिले. ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच लागली. २० नोव्हेंबरला एका केंद्रावर, एकाच रांगेत उभं राहून माणसाने दोन मतं दिली. सहाही विधानसभा महायुतीला गेल्या. लोकसभा मात्र काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी १,४५७ मतांनी राखली. दोन यंत्रांमधलं अंतर चार पावलांचं. तेवढ्या अंतरात हजारो माणसांनी, ज्यांना कुणी राजकारण शिकवलेलं नाही, दोन वेगळे निवाडे दिले.